थांबावयास कोण सांगतें?

गेल्या पावसाळ्यांत मैदानावर फुटबॉल खेळतांना आमच्या एका विद्यार्थ्याचा गुडघा चांगलाच सोलवटला. पंधरा दिवसांत नवी कातडी आली व खपली गळून पडली. तेव्हां शास्त्राच्या तासाला उभें राहून त्यानें विचारलें, "सर, कातडी वाढली म्हणून जखम भरली हें समजलें. पण भरल्यावर ती वाढावयाची थांबली कशी? तिला थांबावयास कोण सांगतें?" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं मोठमोठ्या संशोधकांनीं आयुष्यें वेंचलीं तोच प्रश्न त्या मुलानें गुडघ्याकडे पाहून विचारला होता. तेवढ्यांत घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. उरलेलें उत्तर येथें देत आहोंत. तें मुलांबरोबर त्यांच्या आईबापांनींही वाचावें अशी आमची विनंति आहे. कारण त्याचा शेवट प्रयोगशाळेंत न होतां घरांत होतो.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे हें खालच्या वर्गांतील मुलांसही ठाऊक असतें. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत ४६ गुणसूत्रें असतात. त्यांच्या २३ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून आलेलें असतें. गुणसूत्रांत डीएनए नांवाचा लांबच लांब धागा गुंडाळलेला असून त्यावर चार रासायनिक अक्षरांच्या लिपींत शरीराचा सारा कारभार लिहिलेला आहे. एका बाजूच्या २३ गुणसूत्रांत मिळून सुमारें ३०० कोटि अक्षरें भरतात. या लेखांतील एक एक मजकूर म्हणजे एक एक जनुक. तो मजकूर वाचून पेशी एक विशिष्ट प्रथिन तयार करते, व पेशीचीं बहुतेक कामें हीं प्रथिनेंच करतात.

आतां या प्रथिनांत कांहीं अशीं असतात कीं तीं पेशीला "वाढ, एकीच्या दोन हो" असा आग्रह धरतात. दुसरीं कांहीं "थांब" म्हणतात, आणि प्रसंगीं "तूं बिघडली आहेस, आतां मर" असेंही बजावतात. या दुसऱ्या जातीच्या प्रथिनांचीं जीं जनुकें त्यांस अर्बुदरोधक जनुकें असें नांव आहे. अर्बुद म्हणजे गांठ. नांवानें थोडी दिशाभूल होते; कारण गांठ अडविणें हेंच त्यांचें काम आहे असें नव्हे. पेशींनीं शिस्तीनें वागावें एवढेंच तीं रोज पाहतात. तीं नाहींशीं झालीं म्हणजे गांठ होते, आणि म्हणूनच शास्त्रज्ञांस त्यांची ओळख त्यांच्या गैरहजेरींतून झाली. शाळेच्या पहारेकऱ्याची किंमत तो रजेवर गेल्यावर कळते, त्यांतलाच हा प्रकार.

अशीं जनुकें शरीरांत ठिकठिकाणीं कामावर असतात. पण त्यांची कथा मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत जितकी स्पष्ट वाचतां आली तितकी क्वचितच दुसरीकडे वाचतां आली असेल. आतड्याचें नांव काढतांच नाकें मुरडणाऱ्या मुलांनीं थोडा धीर धरावा. हें सुमारें पांच फूट लांबीचें आतडें नुसत्या डोळ्यांस आंतून गुळगुळीत दिसतें. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मात्र त्याच्या अस्तरांत लाखों बारीक विहिरी दिसूं लागतात. विहिरीच्या भिंतीला पेशींचा एकच थर असतो. तळाशीं थोड्या मूळ पेशी असतात व त्या सतत एकीच्या दोन होत राहतात. नव्या पेशी भिंतीवरून हळूहळू वर सरकतात. चढतां चढतां त्या दुभागणें सोडून देतात व आपापलें काम शिकतात. कोणी पाणी शोषावयाचें, कोणी बुळबुळीत स्राव सोडावयाचा. कांठावर पोंचल्या कीं त्या मरून गळून पडतात. हा सारा प्रवास चारपांच दिवसांचा. म्हणजे आज आपल्या आतड्यास जें अस्तर आहे तें पुढच्या आठवड्यांत बहुतेक सगळें नवें असावयाचें!

जेथें इतकी भरती अहोरात्र चालू, तेथें "थांब" म्हणणाऱ्यांवर केवढी जबाबदारी! विहिरीच्या तळाशीं असलेल्या पेशींस आसपासच्या पेशींकडून एक रासायनिक निरोप सारखा मिळत असतो. त्याला विंट संदेश म्हणतात. "दुभागत राहा" हा त्याचा अर्थ. वर जावें तसतसा हा निरोप विरळ होत जातो, आणि निरोप थांबला म्हणजे पेशीनेंही थांबावयाचें, असा नियम आहे.

हा निरोप पेशीच्या दाराशीं येतो खरा, परंतु दारापासून केंद्रापर्यंत तो पोंचविणारा जासूद निराळा आहे. त्याचें नांव बीटा-कॅटेनिन. चमत्कार असा कीं निरोप असो वा नसो, पेशी हा जासूद नेहमींच तयार करीत असते. आणि निरोप नसेल तेव्हां त्याला वाटेंतच पकडून त्याचे तुकडे केले जातात. पकडणारी टोळी कांहीं प्रथिनांची मिळून झालेली असते. तिच्यांतील एक प्रमुख प्रथिन म्हणजे एपीसी. हें २,८४३ अमिनो आम्लांचें चांगलें लांबरुंद प्रथिन असून त्याचें जनुक पांचव्या गुणसूत्रावर आहे. टोळी जासुदाला धरते, त्याच्यावर फॉस्फेटची खूण करते, आणि खूण झालेला जासूद पेशींतील मोडतोडीच्या यंत्रांत जाऊन नाहींसा होतो. बाहेरून विंट संदेश आला कीं मात्र टोळीचें काम बंद पडतें. मग जासूद सांचतात, केंद्रांत शिरतात, आणि तेथें टीसीएफ नांवाच्या प्रथिनाशीं जोडी जमवून दुभागण्याचीं जनुकें चालू करतात. तयार करावयाचें आणि मोडावयाचें, हा उद्योग वरवर उधळेपणाचा वाटतो. पण त्यांत एक सोय आहे. हुकूम आला कीं जासूद तयारच असतो. मोडतोड तेवढी थांबवावी लागते.

आतां एपीसीच बिघडलें असें समजा. टोळी मोडली. विहिरीच्या वरच्या अंगाला, जेथें कोणताही निरोप येत नाहीं, तेथेंही जासूद धरला जात नाहीं. तो केंद्रांत शिरतो आणि कोणीं न सांगितलेला हुकूम सांगतो. बाहेर सर्वत्र शांतता असते, आणि पेशीला मात्र निरोप आल्याचा भास सारखा होत असतो. ती तळच्या पेशीप्रमाणें दुभागत राहते. गळून पडावयाचें विसरते. कांहीं काळानें त्या जागीं एक लहानसा मांसल कोंब उभा राहतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. मोठ्या आतड्याच्या दर पांच कर्करोगांपैकीं सुमारें चारांत एपीसी जनुकाचा बिघाड आढळतो, आणि बहुधा तो असा असतो कीं प्रथिनाचा मजकूर मध्येंच तुटून अर्धवट प्रथिन तयार होतें.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. या संदेशाचा माग आतड्यांत लागला नाहीं. पिकलेल्या केळ्याभोंवतीं घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीच्या पंखांत लागला, आणि त्यांत आपल्या देशाचा वांटा आहे. १९७३ सालीं आर. पी. शर्मा यांनीं या माशीच्या एका नव्या वंशाची नोंद केली. त्यांतील कित्येक माश्यांस एक किंवा दोन्ही पंख नसत, म्हणून त्यास त्यांनीं 'विंगलेस' म्हणजे बिनपंखी हें नांव दिलें. १९७६ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील शर्मा व व्ही. एल. चोप्रा यांनीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९८२ सालीं रोल नुसे व हॅरल्ड व्हार्मस यांस उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगांत इंट-१ नांवाचें जनुक सांपडलें. १९८७ सालीं कळून आलें कीं माशीचें विंगलेस व उंदराचें इंट-१ हीं एकच. पुढें दोन्ही नांवांचा संधि करून 'विंट' हा शब्द रूढ झाला. माशीला पंख कां फुटले नाहींत हें पाहणाऱ्यास त्या वेळीं कोणी विचारलें असतें, "याचा उपयोग काय?", तर त्याला काय उत्तर देतां आलें असतें?

असो. आतां सायकलीकडे वळूं. सायकलीला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. अर्बुदरोधक जनुकांचेंही तसेंच आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची व एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. एकाच पेशींतील दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे मात्र ती पेशी उतारावर सुटते. हा विचार १९७१ सालीं आल्फ्रेड नडसन या अमेरिकन डॉक्टरानें मांडला. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रोग्यांचीं टिपणें त्यानें तपासलीं. ज्या मुलांस तो रोग आनुवंशिक होता त्यांस तो लवकर व पुष्कळदां दोन्ही डोळ्यांत होई. इतरांस उशिरां व एकाच डोळ्यांत. नडसननें गणित मांडून दाखविलें कीं पहिल्या मुलांचा एक ब्रेक जन्मतःच तुटलेला असतो. त्यांच्या बाबतींत एकच अपघात पुरतो. दुसऱ्यांस दोन अपघात लागतात. यासाठीं त्याला कोणतेंही अवजड यंत्र लागलें नाहीं. कागद, पेन्सिल आणि दवाखान्यांतील जुनीं टिपणें एवढेंच त्याचें साहित्य.

आतड्याच्या बाबतींतही अशीं कुटुंबें असतात. त्यांतील मुलांच्या आतड्यांत बहुधा कुमारवयांतच कोंब फुटूं लागतात, ते शेंकड्यांनीं किंवा हजारांनीं, आणि वेळींच उपाय न केला तर वयाच्या चाळिशीच्या सुमारास त्यांतल्या एखाद्याचा कर्करोग होणें जवळजवळ ठरलेलें असतें. १९८६ सालीं लेम्युएल हरेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एका रोग्याच्या पांचव्या गुणसूत्राचा तुकडाच नाहींसा असल्याचें दाखविलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या वॉल्टर बॉडमर यांच्या मंडळीनें अशा कुटुंबांचा अभ्यास करून त्याच जागेवर बोट ठेवलें. १९९१ सालीं बाल्टिमोरचे बर्ट व्होगेलस्टाईन, जपानचे युसुके नाकामुरा आणि युटाचे रे व्हाइट यांच्या प्रयोगशाळांनीं तें जनुक शोधून काढलें. तेंच एपीसी. आम्हांस यांत सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें हें: अशीं कुटुंबें फार थोडीं, मोठ्या आतड्याच्या शंभर रोग्यांत अशा कुटुंबांतला जेमतेम एक. पण त्यांच्यांत जें जनुक जन्मतः बिघडलेलें सांपडलें, तेंच इतर बहुतेक रोग्यांत उतारवयांत बिघडतें. मूठभर दुर्दैवी घरांनीं साऱ्या जगाच्या रोगाचें कुलूप दाखवून दिलें.

तथापि कोंब म्हणजे कर्करोग नव्हे. बहुसंख्य कोंब जन्मभर कोंबच राहतात. १९९० सालीं एरिक फिअरन व व्होगेलस्टाईन यांनीं दाखविलें कीं कोंबापासून कर्करोगापर्यंतची वाट पायऱ्यांची आहे व प्रत्येक पायरीवर एखादें नवें जनुक बिघडतें. त्यांत केआरएएस हें जनुक आहे. तें रोधक नव्हे, उलट रेटणारें आहे, व बिघडलें कीं तें दाबलेलेंच राहतें. पुढें अठराव्या गुणसूत्रावरील स्मॅड-४ जातें. शेजारच्या पेशींकडून टीजीएफ-बीटा नांवाचा एक निरोप येत असतो; "आतां पुरे" असा त्याचा भाव. तो केंद्रापर्यंत नेण्याचें काम स्मॅड-४ करतें. तें गेलें कीं पेशी बहिरी होते. म्हणजे पाहा, एपीसी गेलें तेव्हां न बोललेलें ऐकूं येऊं लागलें, आणि स्मॅड-४ गेलें तेव्हां बोललेलें ऐकूं येईनासें झालें!

शेवटच्या पायऱ्यांपैकीं एक पी-५३ ची. सतराव्या गुणसूत्रावरील या जनुकाचें प्रथिन डीएनएची मोडतोड झाली कीं जागें होतें, पेशीला दुरुस्तीसाठीं थांबवितें, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर तिला मरणाची आज्ञा करतें. १९७९ सालीं हें सांपडलें तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्यालाच चोर ठरविलें होतें, कारण कर्करोगाच्या पेशींत तें विपुल दिसे. दहा वर्षांनीं, १९८९ सालीं, मोठ्या आतड्याच्या गांठींची तपासणी करतांना उघड झालें कीं गांठींत दिसणारें तें प्रथिन बिघडलेलें असतें, व धडधाकट पी-५३ हा पहारेकरी आहे. दहा वर्षें पहारेकऱ्यावर चोरीचा आळ! शास्त्रांत असेंही होतें, आणि तें शास्त्रज्ञच दुरुस्त करतात.

एवढ्या सगळ्या पायऱ्या चढावयास वेळ लागतो. लहान कोंबापासून कर्करोग व्हावयास सामान्यतः दहा किंवा अधिक वर्षें जातात. मनुष्याला संधि मिळते ती येथेंच. दुर्बिणीची लवचिक नळी गुदद्वारांतून आंत घालून डॉक्टर सारें मोठें आतडें पाहतात व कोंब दिसला तर तेथल्या तेथें तारेच्या फांसानें काढून टाकतात. कोंब गेला कीं त्याची वाटही संपली. असे कोंब काढलेल्या अमेरिकेंतील रोग्यांची पुष्कळ वर्षें नोंद ठेवून १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे २०१२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं त्यांच्यांत या कर्करोगाचे मृत्यु अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी झाले. आमच्या देशांत हा रोग पाश्चात्य देशांच्या मानानें कमी आहे, त्यामुळें निरोगी माणसांची सरसकट तपासणी येथें होत नाहीं. म्हणून लक्षणांकडे पाहणें आपल्याला अधिक भाग आहे. आमच्याकडे शौचावाटें रक्त पडलें कीं घरोघर निदान ठरलेलें: मूळव्याध. मग सुरण, ताक, कोणाची तरी पुडी. आणि लाजेनें महिने निघून जातात. बहुतेक वेळां ती मूळव्याधच असते हें खरें, पण तें डॉक्टरानें पाहून सांगावें. शौचाची संवय बदलून तशीच राहणें, अकारण वजन उतरणें, रक्त कमी होऊन थकवा येणें, हींही त्याच यादींतलीं.

लाजेपेक्षांही एक मोठा अडसर आहे. मुलामुलींचीं लग्नें जमविण्यांत विघ्न नको म्हणून घराण्यांतला कर्करोग पुष्कळ ठिकाणीं दडविला जातो. आजोबा 'पोटाच्या दुखण्यानें' गेले एवढेंच नातवंडांस कळतें. या संबंधांत एका शिवणकाम करणाऱ्या बाईची हकीकत सांगण्यासारखी आहे. १८९५ सालीं अमेरिकेंतील ॲन आर्बर या गांवीं आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्राच्या अध्यापकाच्या घरीं ती शिवणकाम करी. ती खिन्न दिसली म्हणून त्यांनीं कारण विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें कीं आपल्या घराण्यांतील बहुतेक माणसें आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानें गेलीं व आपणही तशाच लवकर जाणार. वॉर्थिन यांनीं तिचें बोलणें वेडगळ म्हणून सोडून दिलें नाहीं. तिच्याकडून मिळालेल्या माहितीवरून त्यांनीं घराण्याची वंशावळ तयार केली व १९१३ सालीं ती प्रसिद्ध केली. ती बाई तिच्या म्हणण्याप्रमाणेंच अकालीं गेली. वंशावळ बरींच वर्षें उपेक्षित राहिली. पुढें ओमाहा येथील डॉ. हेन्री लिंच यांनीं ती हातीं घेऊन वाढविली, आणि आज त्या आनुवंशिक रोगास लिंच यांचेंच नांव आहे.

या घराण्यांतला बिघाड एपीसींत नव्हता. या वार्षिकाचीं मुद्रितें जसा एक शिक्षक तपासतो, तसें पेशी दुभागण्यापूर्वीं डीएनएची नक्कल झाली कीं ती तपासणारीं कांहीं प्रथिनें असतात. त्यांपैकीं एकाचें जनुक, एमएसएच-२, १९९३ सालीं सांपडलें. हा तपासनीस नसला कीं चुका सांचत जातात, विशेषतः जेथें एकच अक्षर अनेकदां पुनरुक्त झालें आहे तेथें. टीजीएफ-बीटाचा निरोप घेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकांत एक अक्षर सलग दहा वेळां येतें. नक्कल करतांना दहाचे नऊ होतात, पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो, आणि "आतां पुरे" ऐकणारा कान जातो. वाट निराळी, पण पेशीचें बहिरेपण तेंच. शिवाय या घराण्यांत कोंबापासून कर्करोगापर्यंतची वाट पुष्कळ जलद चालली जाते. दहा वर्षांची उसंत मिळत नाहीं.

असा दोष ज्या आईस किंवा बापास असतो त्यांच्या प्रत्येक मुलास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत अशा घराण्यांस सल्ला देण्यासाठीं स्वतंत्र दवाखाना आहे. तेथें गेल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो हाच: घरांत कोणाला, कोणत्या वयांत, कोठला कर्करोग झाला होता? त्या शिवणकाम करणाऱ्या बाईजवळ याचें उत्तर तोंडपाठ होतें. २००० सालीं तिच्या घराण्यांतील एमएसएच-२ चा नेमका दोष सांपडला. तेव्हांपासून तिच्या वंशजांस रक्ताच्या एका तपासणीनें आपला वांटा कळूं शकतो. ज्यांस तो दोष आला आहे त्यांचें आतडें दर एकदोन वर्षांनीं तपासतात. ज्यांस आला नाहीं त्यांना इतर लोकांहून अधिक तपासणीची गरज नाहीं, व त्यांच्या मुलांनाही नाहीं.